गाडीच्या एसीतला गॅस दर उन्हाळ्यात जातो कुठे?

कोथरूडकर_वाटसरू (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे सात वर्षांची, पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी आहे. गेली तीन वर्षे मार्च सरता सरता तिचा एसी नुसताच वारा फेकू लागतो. मी गाडी नेहमीच्या गॅरेजात नेतो, तिथला कारागीर दोन नळ्या जोडून काट्यांकडे पाहतो, "साहेब, गॅस संपलाय" असे सांगतो, अठराशे रुपये घेतो आणि पुढचा मार्च येईपर्यंत एसी उत्तम चालतो. यंदा पैसे मोजताना मनात आले की पेट्रोल जळते म्हणून संपते, ब्रेकपॅड झिजतात म्हणून संपतात, पण हा गॅस नेमका कशात खर्च होतो? घरच्या फ्रिजला चौदा वर्षे झाली आणि त्यात एकदाही गॅस भरावा लागलेला नाही.

दुसरा प्रश्न घरगुती भांडणाचा आहे. गाडीत बसताच एसी पूर्ण जोरात लावावा असे पत्नीचे म्हणणे असते, हवा आतल्या आत फिरवण्याचे बटण मुलगा कधीच सोडत नाही आणि साताऱ्याला जाताना खंबाटकीचा पहिला चढ लागला की मागच्या सीटवरून वडील पुढे हात घालून एसी बंद करतात. यांपैकी कोण बरोबर आहे हे जाणकारांनी सांगावे. निकाल मी घरी वाचून दाखवणार आहे.

वऱ्हाडी_ऊन

मार्चमध्ये एसी लावणाऱ्या पुणेकरांना आमच्या अकोल्याचा सादर नमस्कार. आमच्याकडे मार्चला थंडी म्हणतात.

शीतयंत्री

वाटसरू, माझी नोकरीची सगळी वर्षे शीतकरणाच्या यंत्रांबरोबर गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. गॅस कशातच खर्च होत नाही. जितका भरला तितकाच तो बंद नळ्यांतून फिरत राहतो.

आपल्या गाडीत बहुधा आर-१३४ए हा वायू असेल. उघड्या हवेत तो उणे २६ अंशांनाच उकळतो. डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये त्याच्यावर इतकाच दाब ठेवलेला असतो, की तो शून्याच्या जरा वर, दोन-चार अंशांना उकळावा. उकळायला उष्णता लागते आणि ती तो कॉइलवरून जाणाऱ्या हवेतून ओढून घेतो. तळहातावर स्पिरिट घेतल्यावर जो गारवा जाणवतो, त्याचेच हे मोठे रूप समजा. मग इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर ती वाफ दाबून साधारण १५ बारपर्यंत, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या पंधरापटीपर्यंत नेतो आणि त्या दाबाला ती ५५ अंशांच्या आसपास पुन्हा द्रव होते. त्यामुळे रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरवरून अकोल्याची ४५ अंशांची हवा गेली, तरी तिलाही या वायूकडून उष्णता काढून घेता येते. पुढे एका बारीक छिद्राच्या व्हॉल्व्हमधून द्रव कॉइलमध्ये सुटतो, दाब एकदम पडतो आणि फेरा पुन्हा सुरू होतो.

आता फ्रिजचा मुद्दा. फ्रिजचा कॉम्प्रेसर आणि त्याची मोटर एकाच वेल्डिंग केलेल्या डब्यात बंद असतात आणि नळ्यांचे सांधे झाळलेले असतात. गाडीतल्या कॉम्प्रेसरला इंजिन बाहेरून फिरवते, म्हणजे त्याचा दांडा डब्याबाहेर येतो आणि तिथे सील लागते. इंजिन सतत हलत असल्याने काही नळ्या रबरी ठेवाव्या लागतात आणि प्रत्येक जोडावर ओ-रिंग असते. या सगळ्यांतून वर्षाला काही ग्रॅम वायू झिरपणे स्वाभाविक आहे. परंतु छोट्या गाडीत एकूण ४०० ग्रॅमच्या आगेमागे वायू असतो, आणि तो वर्षभरात थंडावा नाहीसा होण्याइतका जात असेल तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता नुसता गॅस भरणे म्हणजे पंक्चर न काढता दर आठवड्याला हवा भरणे.

रुपया_मोजून

म्हणजे वाटसरूंचे आतापर्यंत चौपन्नशे रुपये हवेत गेले, आणि तेही शब्दशः.

नाशिकची_सुमती

वाटसरू यांच्या पत्नीची बाजू मी अर्धीच घेईन. मे महिन्यात दुपारी शाळेच्या पटांगणात उभी केलेली माझी गाडी मी दोन वाजता उघडते तेव्हा सीटबेल्टच्या पट्टीचे लोखंड हाताला चटका देते आणि पाण्याच्या बाटलीतले पाणी चहाला ठेवल्यासारखे झालेले असते. अशा वेळी आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी तापलेली असते. ती एसीने थंड करण्याआधी हाकलून देणे शहाणपणाचे आहे. मी आधी पलीकडची एक काच पूर्ण खाली करते आणि माझ्या बाजूचे दार चार-पाच वेळा उघडझाप करते. मग सगळ्या काचा खाली ठेवून, एसी सुरू करून निघते आणि पहिल्या चौकापर्यंत गरम हवा निघून गेली की काचा वर घेते. त्यानंतर मात्र पंखा पूर्ण जोरात असू द्यावा. शेजारी पाहतात तेव्हा त्यांना वाटते की बाईंचे दार बिघडले आहे.

उभ्या गाडीत एसी लावून ती थंड होण्याची वाट पाहत बसू नये. इंजिन मंद फिरत असते तेव्हा कॉम्प्रेसरही मंद फिरतो आणि कंडेन्सरला वारा मिळत नाही. गाडी चालू लागली की ती लवकर गार होते.

घाटवाट

वडिलांच्या बाजूने कोणीतरी बोलायला हवे, म्हणून मी बोलतो. माझ्या पहिल्या गाडीचे इंजिन ८०० सीसीचे होते. तिच्यात चार माणसे आणि आंब्याच्या दोन पेट्या घेऊन आंबा घाट चढताना एसी बंद केला की मागून कोणीतरी धक्का दिल्यासारखे वाटत असे. छोट्या इंजिनाच्या ताकदीतून कॉम्प्रेसर दोन-तीन अश्वशक्ती सहज काढून घेतो आणि ८०० सीसीच्या इंजिनाला ती फार मोठी असते. ज्यांनी त्या गाड्या चालवल्या त्यांचा हात चढावर आपोआप बटणाकडे जातो. ती सवय अडाणीपणाची म्हणू नये.

शीतयंत्री

घाटवाट, आपले म्हणणे त्या गाड्यांपुरते पूर्ण बरोबर आहे. आजच्या बहुतेक गाड्यांत ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला की संगणक स्वतःच कॉम्प्रेसरचा क्लच, म्हणजे त्याला पट्ट्याशी जोडणारा भाग, काही सेकंद सोडतो, त्यामुळे ओव्हरटेक करताना हाताने बंद करण्याची गरज उरलेली नाही. वडिलांचा हात एका प्रसंगी मात्र आजही गाडी वाचवतो. चढावर इंजिनाच्या तापमानाचा काटा वर सरकू लागला तर एसी ताबडतोब बंद करावा, कारण कंडेन्सरची सगळी उष्णता त्याच्या मागच्या रेडिएटरवर जाते. त्याने भागले नाही तर हीटर पूर्ण लावून काचा उघडाव्यात. घामाघूम व्हाल, पण इंजिन तरेल.

रुपया_मोजून

माझ्या आयडीला जागून आकडे देतो. पुणे-नाशिक मार्गावर माझी १२०० सीसीची गाडी एसीविना लिटरला साडेअठरा आणि एसीसह साडेसोळा किलोमीटर देते. एकाच पंपावर टाकी भरून मी हे चार वेळा पाहिले आहे. शहरात फरक जास्त पडतो, कारण सिग्नलला गाडी उभी असली तरी एसी पेट्रोल पीतच राहतो. त्यामुळे मी अजूनही २४ अंशांच्या पुढेच तापमान ठेवतो आणि तेवढे इंधन वाचवतो.

जुनी_गाडी

आपल्या गाडीत २४ हा आकडा दिसतो म्हणजे ती बरीच वरची आवृत्ती असावी. माझ्या गाडीत फक्त निळ्यापासून लालपर्यंत फिरणारी चकती आहे. ती लालकडे नेली की इंधन वाचते, असे मला कंपनीच्या विक्रेत्याने सांगितले होते. हे खरे आहे का?

शीतयंत्री

अजिबात नाही, आणि हा गैरसमज इतका पसरलेला आहे की त्यावर थोडे थांबतो.

निळी-लाल चकती कॉम्प्रेसरला काहीच सांगत नाही. डॅशबोर्डच्या आत कूलिंग कॉइलच्या पुढे हीटरची जाळी असते आणि तिच्यातून इंजिनाचे गरम पाणी फिरते. चकती लालकडे नेली की मधली एक फळी सरकते आणि आधी थंड केलेली थोडी हवा त्या गरम जाळीवरून जाऊन परत येते. म्हणजे पेट्रोल जाळून हवा थंड केली आणि मग तीच कोमट केली. उन्हाळ्यात ही चकती निळ्याच्या टोकाला ठेवावी आणि गारठा वाटू लागला तर ब्लोअरचा वेग कमी करावा. कॉइलवरून हवा कमी गेली की ती लवकर पुरेशी थंड होते, तिच्यावरचा तापमान मोजणारा सेन्सर कॉम्प्रेसर बंद करतो आणि इंजिनाला तेवढी विश्रांती मिळते. बॉनेटखालून अधूनमधून येणारा 'टक्' असा आवाज त्या क्लचचा असतो.

रुपया_मोजून यांच्या स्वयंचलित एसीत मात्र २४ अंशांना अर्थ आहे, विशेषतः कॉम्प्रेसर स्वतःचे काम कमी-जास्त करू शकणारा असेल तर. तिथे एक आकडा ठरवून पुन्हा पुन्हा हात न लावणेच उत्तम. १८ अंश लावल्याने गाडी लवकर गार होते असेही नाही, कारण तापलेल्या गाडीत २४ लावले तरी यंत्र आधी पूर्ण ताकदीनेच काम करते.

जुनी_गाडी

धन्यवाद. सहा वर्षे चकती मध्यावर ठेवून मी मोठी बचत करत होतो असे समजायचे.

जाता जाता एक जुनी गोष्ट. कारखान्यातून एसी बसवून आलेली पहिली मोटार अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने १९३९ साली दाखवली. तिची कूलिंग कॉइल मागच्या आसनामागे होती आणि चालकाला तो एसी बंद करायला बटणच नव्हते. बंद करायचा तर गाडी थांबवून, इंजिन बंद करून, बॉनेट उघडून कॉम्प्रेसरचा पट्टा काढावा लागे. वाटसरूंच्या वडिलांना खंबाटकीत तेवढे करावे लागत नाही, हे त्यांना जरूर सांगावे.

नाशिकची_सुमती

आतली हवा फिरवण्याच्या बटणाबद्दल कोणीच बोलले नाही. वाटसरू यांच्या चिरंजीवांचे सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटे बरोबर आहे, कारण थोडी थंड झालेली हवा पुन्हा थंड करणे ४२ अंशांची नवी हवा थंड करण्यापेक्षा सोपे असते. ट्रकच्या धुरामागे अडकल्यावरही ते बटण हवेच. परंतु मागच्या दिवाळीत आम्ही पाच जण पुण्याहून नाशिकला येत होतो, नारायणगाव ओलांडल्यावर सगळ्यांना जांभया येऊ लागल्या आणि गाडी चालवणारे माझे यजमानही डोळे चोळू लागले. पाहिले तर दोन तास ते बटण तसेच दाबलेले होते. पाच माणसांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड त्या बंद डब्यात साचत होता. बाहेरची हवा घेतल्यावर काही मिनिटांत सगळे ताजेतवाने झाले. तेव्हापासून मी लांबच्या प्रवासात दर अर्ध्या तासाने पाच मिनिटे बाहेरची हवा घेतेच.

वऱ्हाडी_ऊन

सुमतीताई, मे महिन्यात अकोल्यात बाहेरची हवा घेऊन पाहा, सगळे ताजेतवाने होण्याऐवजी भाजून निघतील. आमच्याकडे घराला कूलर आणि त्याला वाळ्याच्या ताट्या असतात, म्हणून आम्हाला हवेत पाणी घालण्याची सवय. गाडीचा एसी हवेतून पाणी काढून टाकतो, हे मला फार उशिरा कळले. गाडीखाली थेंब पडताना पाहून मी रेडिएटर फुटला म्हणून तीन किलोमीटर गाडी ढकलत नेली होती.

चिपळूणकर

ते थेंब पडत नसतील तर काळजी करावी. कॉइलवर जमलेले पाणी बाहेर नेणारी नळी पाचोळ्याने तुंबली की ते पुढच्या सीटच्या पायांखाली उतरते. माझ्या गाडीत ते झाले तेव्हा कोणाची छत्री ठिबकली यावरून आठवडाभर वाद चालला होता.

आमच्या कोकणात एसीचा खरा उपयोग उन्हाळ्यापेक्षा पावसात होतो. जुलैत कुंभार्ली घाटात धुके, बाहेर पाऊस आणि आत ओल्या कपड्यांची चार माणसे असली की समोरची काच दोन मिनिटांत दुधासारखी होते. बरेच जण फडक्याने पुसत बसतात, आणि ती लगेच पुन्हा धूसर होते. एसी लावावा, वारा समोरच्या काचेकडे वळवावा, बाहेरची हवा घ्यावी आणि जुनी_गाडी यांची ती चकती इथे खुशाल लालकडे न्यावी. कॉइल हवेतले बाष्प काढून घेते आणि कोरडी, कोमट हवा काच लगेच साफ करते.

मात्र काही वेळा काच बाहेरून धूसर होते. वायपर एकदा फिरवला आणि काच स्वच्छ झाली, तर बाष्प बाहेर आहे हे नक्की. काच आतून फार गार झाल्याने बाहेरची दमट हवा तिच्यावर जमते. तेव्हा वारा काचेवरून दुसरीकडे वळवावा आणि गारवा कमी करावा. दोन्हींचे उपाय उलटे आहेत. घाटात चुकीचा उपाय केला तर समोरचा ट्रक दिसत नाही.

मस्कतवासी

चिपळूणकरांशी सहमत आहे. आमच्याकडे ऑगस्टच्या रात्री समुद्राकाठी गाडी काढली की पाऊस नसताना वायपर लावावा लागतो. भारतातून आलेले पाहुणे हसतात आणि दुसऱ्या दिवशी स्वतः लावतात.

भीतीदायक_फॉरवर्ड

गाडी उघडताच एसी लावू नये, डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून बेंझिन निघते आणि त्याने कर्करोग होतो, असा संदेश आमच्या सोसायटीच्या गटावर दर एप्रिलला येतो. यात तथ्य आहे का?

शीतयंत्री

त्या संदेशात बेंझिनचे आकडे मिलिग्रॅम प्रति चौरस फूट असे दिलेले असतात. हवेतल्या वायूचे प्रमाण कोणी चौरस फुटांत मोजत नाही. तापलेल्या प्लास्टिकमधून काही वाफा निघतात हे खरे, नव्या गाडीचा वास तोच असतो, परंतु संदेशात रंगवलेल्या भीतीला आधार नाही. काचा उघडून निघावे, हा सल्ला सुमतीताईंनी दिलेल्या कारणासाठी पाळावा.

भीती बाळगायचीच असेल तर दोन गोष्टींची बाळगावी. बंद गॅरेजात किंवा तळघरात इंजिन चालू ठेवून, एसी लावून कोणी झोपू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्याने माणसे दगावलेली आहेत. लहान मुलाला किंवा कुत्र्याला "एसी चालूच आहे" म्हणून गाडीत सोडून दोन मिनिटांसाठीही उतरू नये. इंजिन काही कारणाने बंद पडले तर त्या दोन मिनिटांची वीस कधी होतात ते कळत नाही.

विजेवर_चालू

विजेच्या गाडीवाल्यांसाठी थोडे. आमच्या कॉम्प्रेसरला पट्टा नसतो, तो थेट मोठ्या बॅटरीवर चालतो, म्हणून इंजिनाचा वेग वगैरे प्रश्नच येत नाही आणि उभ्या गाडीतही एसी पूर्ण ताकदीने चालतो. चार्जर लावलेला असतानाच निघण्यापूर्वी दहा मिनिटे गाडी गार करून घेतली की ती वीज भिंतीतली वापरली जाते आणि पल्ला वाचतो. एक इशारा द्यावासा वाटतो. या कॉम्प्रेसरमध्ये विजेला रोधक असे वेगळे तेल लागते, त्यामुळे ज्याला ते माहीत नाही अशा कारागिराला गॅस भरू देऊ नये.

वाहतूकदार_सांगली

इथे सगळे मोटारींबद्दल बोलत आहेत. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड मालट्रकच्या केबिनमध्येही एसी बसवणे नियमाने बंधनकारक झाले आहे. माझ्या जुन्या ट्रकचे चालक इंजिनाच्या शेजारी बसून मे महिन्यात सोलापूर-हैदराबाद करतात. नवी गाडी आल्यावर कोणी जुन्या गाडीवर जायला तयार होईना, शेवटी चिठ्ठ्या टाकल्या.

कोथरूडकर_वाटसरू (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. शीतयंत्री यांचे पंक्चरचे वाक्य डोक्यात राहिले, म्हणून या शनिवारी फक्त एसीचे काम करणाऱ्या एका कारागिराकडे गेलो. त्याने गॅसला हातच लावला नाही. आधी टॉर्च घेऊन बॉनेटखाली वाकला आणि कंडेन्सरच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात बोट ठेवून मला बोलावले. तिथे रुपयाएवढा काळा, चिकट डाग होता आणि त्यावर धूळ बसली होती. वायूबरोबर कॉम्प्रेसरचे थोडे तेलही फिरत असते, त्यामुळे गॅस जिथून जातो तिथे तेल उमटते, असे त्याने सांगितले. मग त्याने नळ्यांत नायट्रोजन भरून त्या डागावर साबणाचा फेस लावला. अर्ध्या मिनिटाने एक बारीक बुडबुडा फुगला, फुटला आणि पुन्हा फुगला. कधीतरी महामार्गावर उडालेल्या खड्याचे ते काम असावे.

कंडेन्सर बदलला, त्याबरोबर ओलावा शोषणारी ड्रायरची बाटलीही बदलली, अर्धा तास व्हॅक्यूम लावून ठेवला आणि बॉनेटखालच्या चिठ्ठीवर लिहिलेला आकडा पाहून वजनकाट्यावर बरोबर तितकाच गॅस भरला. एकूण साडेसात हजार लागले. आधीच्या गॅरेजात वजनकाटा मी कधीच पाहिला नव्हता.

रुपया_मोजून

साडेसात हजार अधिक चौपन्नशे. पहिल्याच वर्षी हे केले असते तर, असो.

शीतयंत्री

काम योग्य झाले आहे. वजनाने भरण्याचे महत्त्व लोकांना कळत नाही, कारण जादा गॅस भरला तरीही थंडावा कमीच होतो. शिवाय हिशेब फक्त रुपयांचा नाही. एक किलो आर-१३४ए हवेत गेला तर तो सुमारे १४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. म्हणजे आपले ४०० ग्रॅम हे जवळजवळ २५० लिटर पेट्रोल जाळल्यासारखे झाले. याच कारणाने युरोपात २०१७ पासून नव्या मोटारींत हा वायू वापरता येत नाही.

आता गाडी चांगली झाली आहे तर दोन सवयी लावून घ्याव्यात. हिवाळ्यातही आठवड्यातून एकदा पाच-दहा मिनिटे एसी चालवावा, म्हणजे तेल फिरून दांड्याचे सील सुकत नाही. आणि घरी पोहोचण्याआधी दोन-तीन मिनिटे एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवावा. ओली कॉइल तशीच बंद केली तर तिच्यावर बुरशी धरते आणि सकाळी गाडीत कुबट वास येतो.

कोथरूडकर_वाटसरू (धागाकर्ता)

कालच साताऱ्याला जाऊन आलो. धागा घरी वाचून दाखवला होता, पत्नी आणि मुलगा यांनी अर्धा-अर्धा विजय मान्य केला होता आणि वडिलांना संगणक, क्लच, सगळे समजावून सांगितले होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. खंबाटकीच्या पहिल्या वळणावर मागून हात आला आणि एसी बंद झाला.

शीतयंत्री

करू द्यावा. फक्त ब्लोअर चालू ठेवायला सांगा, कॉइल वाळेल.